पद सोडण्याचे राजकारण : जॉन वायनंट आणि अमेरिकेचे सामाजिक सुरक्षा मंडळ (१९३५-१९३७)

प्रस्तावना

राजकीय नेत्याच्या चरित्रात युद्ध, मुत्सद्देगिरी आणि निवडणुका यांना जी जागा मिळते, ती कार्यालयीन कामकाजाला सहसा मिळत नाही. जॉन गिल्बर्ट वायनंट (१८८९-१९४७) यांच्यासंबंधीच्या लेखनात हे प्रकर्षाने जाणवते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे ब्रिटनमधील राजदूत म्हणून ते इतिहासाच्या वाचकाला परिचित आहेत. बॉम्बवर्षावाच्या काळात लंडनच्या रस्त्यांवरून फिरून सामान्य माणसांची विचारपूस करणारे, ७ डिसेंबर १९४१ च्या रात्री चेकर्स येथे चर्चिल यांच्या समवेत रेडिओवर पर्ल हार्बरची बातमी ऐकणारे वायनंट हे चरित्रकारांना साहजिकच आकर्षित करतात. त्यापूर्वी सहा वर्षे हेच गृहस्थ वॉशिंग्टनमध्ये उसन्या घेतलेल्या कर्मचाऱ्यांच्या मदतीने कोट्यवधी कामगारांच्या वृद्धापकाळाचा हिशेब मांडण्याची यंत्रणा उभारत होते, ही बाब मात्र बहुतेक ठिकाणी एखाद्या प्रकरणात आटोपली जाते.

बर्नार्ड बेलश यांनी १९६८ साली लिहिलेले 'ही वॉक्ड अलोन' हे वायनंट यांचे चरित्र या विषयावरील महत्त्वाचा ग्रंथ मानावा लागेल. शीर्षकातच त्यांनी आपल्या नायकाला 'एकटा चालणारा' ठरविले आहे. लिन ओल्सन यांच्या 'सिटिझन्स ऑफ लंडन' (२०१०) या लोकप्रिय ग्रंथात वायनंट हे हॅरिमन व मरो यांच्यासह तीन प्रमुख पात्रांपैकी एक आहेत. तेथील वायनंट अर्थातच लंडनचे आहेत. खुद्द वायनंट यांचे 'लेटर फ्रॉम ग्रोव्हनर स्क्वेअर' (१९४७) हे आत्मपर पुस्तकही लंडनविषयीच आहे. त्यांच्या मृत्यूनंतर निघालेला भाषणसंग्रहदेखील राजदूतपदाच्या काळातील आहे. सामाजिक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्षपदाविषयी त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला नाही. त्यामुळे या काळासाठी अभ्यासकाला मंडळातील सहकारी आर्थर आल्टमायर यांच्या १९६६ च्या आठवणींकडे, तसेच चार्ल्स मॅकिन्ली आणि रॉबर्ट फ्रेझ यांच्या 'लाँचिंग सोशल सिक्युरिटी' या ग्रंथाकडे वळावे लागते. मॅकिन्ली व फ्रेझ यांनी १९३५ ते १९३७ या काळात मंडळाचे कामकाज जवळून पाहिले आणि नोंदविले. त्यांचे पुस्तक मात्र १९७० साली प्रसिद्ध झाले. कार्यालयाच्या इतिहासाला प्रकाशनासाठी किती प्रतीक्षा करावी लागते, याचा हा एक नमुनाच म्हणता येईल.

निवडून येण्याची सवय असलेला, एका पक्षाचा ज्ञात नेता सामाजिक विम्याची संस्था चालवू शकतो काय, हा प्रश्न या दीड वर्षाच्या कारकिर्दीतून पुढे येतो. चरित्रकारांनी त्याचे उत्तर वायनंट यांच्या सचोटीत शोधले. ती सचोटी निर्विवाद आहे. परंतु तिच्या आधारे संस्थेचे नेमके काय साधले आणि काय हातून गेले, हे तपासण्याचे काम त्यांनी फारसे केलेले नाही.

न्यू हॅम्पशायरचे गव्हर्नर

वायनंट यांचा जन्म न्यूयॉर्कचा. शिक्षण काँकर्ड येथील सेंट पॉल्स स्कूलमध्ये व पुढे प्रिन्स्टन येथे झाले. पदवी न घेताच ते सेंट पॉल्समध्ये इतिहासाचे शिक्षक म्हणून परतले. १९१६ साली ते न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळावर रिपब्लिकन पक्षातर्फे निवडून आले, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये वैमानिक होते आणि १९२५ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, राज्याचे गव्हर्नर झाले. १९२६ मध्ये पक्षाने त्यांना पुन्हा उमेदवारी दिली नाही. १९३१ ते १९३५ या काळात ते पुन्हा दोनदा गव्हर्नर होते.

या काळातील दोन बाबी पुढील विवेचनासाठी महत्त्वाच्या आहेत. स्त्रिया व मुलांसाठी आठवड्याला ४८ तासांच्या कामाची मर्यादा घालणारे विधेयक त्यांनी वारंवार पुढे रेटले आणि ते वारंवार पराभूत झाले. कापड गिरण्यांच्या राज्यात अशा विधेयकाला कोणाचा विरोध होता हे सांगण्याची आवश्यकता नाही. दुसरीकडे वृद्धांना साहाय्य देणारा कायदा १९३१ साली आणि स्त्रिया व मुलांच्या किमान वेतनाचा कायदा १९३३ साली न्यू हॅम्पशायरमध्ये झाला. म्हणजे रूझवेल्ट यांच्या 'न्यू डील'कडे ते बाहेरून आलेले पाहुणे नव्हते. १९३४ च्या देशव्यापी कापड कामगार संपात रूझवेल्ट यांनी नेमलेल्या चौकशी मंडळाचे ते अध्यक्ष होते. आर्थिक सुरक्षा समितीच्या सल्लागार परिषदेवरही ते होते. याच परिषदेवर ईस्टमन कोडॅक कंपनीचे मेरियन फॉल्सम होते, ज्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

त्यांच्या वक्तृत्वाविषयी सर्व समकालीनांचे एकमत दिसते. ते अतिशय अडखळत बोलत. वाक्याच्या मध्यावर ते इतका वेळ थांबत की श्रोत्यांना संकोच वाटे. तरीही ते तीनदा गव्हर्नर झाले. त्यांच्या चेहऱ्यात लोकांना लिंकन दिसत असे, असे अनेकांनी लिहिले आहे. या साम्याचा अतिरेकी उपयोग चरित्रलेखनात झाला आहे, असे मात्र म्हणावे लागते.

उसन्या मनुष्यबळावरील आरंभ

१४ ऑगस्ट १९३५ रोजी रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षा अधिनियमावर स्वाक्षरी केली. कायद्यान्वये तीन सदस्यांचे मंडळ स्थापन व्हावयाचे होते आणि त्यात एकाच पक्षाचे दोनहून अधिक सदस्य असू नयेत अशी अट होती. अध्यक्ष म्हणून सहा वर्षांच्या मुदतीसाठी वायनंट यांची नियुक्ती झाली. दुसरे सदस्य आल्टमायर हे श्रम खात्यातून आले होते, तर तिसरे, व्हिन्सेंट माइल्स, आर्कान्सासचे वकील व डेमोक्रॅटिक पक्षाचे कार्यकर्ते होते. या वेळी वायनंट जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे सहायक संचालक होते आणि त्या पदावर त्यांना काही महिनेच झाले होते. १९३६ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे संभाव्य उमेदवार म्हणून ज्यांच्या नावाची चर्चा होती, त्यांना मंडळावर घेऊन रूझवेल्ट यांनी एका दगडात दोन पक्षी मारले, असे मानण्यास जागा आहे. पण केवळ तेवढ्यानेच ही निवड स्पष्ट होत नाही. ज्या कायद्याला पक्षातीत मान्यता हवी होती, त्याला रिपब्लिकन चेहरा आवश्यकच होता.

मंडळाचा जन्म झाला तोच निधीविना. ऑगस्ट १९३५ च्या अखेरीस सिनेटर ह्यूई लाँग यांनी सिनेटमध्ये लांबलचक भाषण करून अधिवेशनाचा शेवटचा वेळ खर्ची घातला. ज्या पुरवणी खर्चाच्या विधेयकात मंडळाची तरतूद होती, ते त्यामुळे मंजूर होऊ शकले नाही. ११ सप्टेंबर रोजी मंडळाची पहिली बैठक भरली तेव्हा देशातील सर्वांत मोठ्या विमा योजनेच्या हाती स्वतःचा पैसा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने नुकत्याच बाद ठरविलेल्या नॅशनल रिकव्हरी अॅडमिनिस्ट्रेशनमधून आणि अन्य खात्यांतून माणसे उसनी घेतली गेली. फेब्रुवारी १९३६ मध्ये निधी मंजूर होईपर्यंत हीच स्थिती होती.

या अवस्थेत वायनंट यांनी घेतलेला एक निर्णय त्यांच्या सर्व भाषणांपेक्षा मोलाचा ठरतो. कर्मचारी गुणवत्तेवर निवडले जातील, पक्षाच्या शिफारशीवर नाही, हे धोरण त्यांनी धरून ठेवले. आज हे साधे वाटते. १९३५ च्या वॉशिंग्टनमध्ये ते तसे नव्हते. नव्या संस्थेतील हजारो जागा या सत्ताधारी पक्षाच्या दृष्टीने बक्षिसे होत्या आणि माइल्स यांचा ओढा त्याच दिशेने होता. मॅकिन्ली व फ्रेझ यांच्या नोंदींत हा अंतर्गत संघर्ष तपशिलाने आला आहे. आल्टमायर व वायनंट एका बाजूस आणि माइल्स दुसऱ्या बाजूस, अशी विभागणी अनेक नियुक्त्यांत झाली. येथे वायनंट यांचे राजकारणी असणे उपयोगी पडले. विरोधी पक्षाचा माणूस असल्याने सत्ताधारी पक्षाच्या वशिल्याला नकार देताना त्यांना स्वतःच्या पक्षाला उत्तर द्यावे लागत नव्हते. आल्टमायर यांच्यासारख्या प्रशासकाला हा नकार इतक्या सहजतेने देता आला असता काय, याविषयी शंका आहे.

हा आग्रह मात्र मंडळाच्या स्वतःच्या कचेरीपुरताच चालू शकत होता. वृद्ध साहाय्याच्या योजना राज्यांमार्फत चालणार होत्या आणि राज्यांतील कर्मचाऱ्यांची निवड, मुदत व वेतन यांविषयी मंडळाला काही सांगता येणार नाही, असे काँग्रेसने कायद्यातच लिहून ठेवले होते. दक्षिणेकडील राज्यांच्या दबावाची छाया या वाक्यावर स्पष्ट दिसते. राज्यांनाही गुणवत्ता पद्धती बंधनकारक करण्याचा अधिकार मंडळाला १९३९ च्या दुरुस्तीने मिळाला, तेव्हा वायनंट जिनिव्हात होते.

दैनंदिन प्रशासनात ते कच्चे होते, हेही मान्य करणे भाग आहे. निर्णय लांबणीवर टाकणे, भेटींच्या वेळा न पाळणे, कागदपत्रे अनेक दिवस टेबलावर पडू देणे या त्यांच्या सवयींविषयी सहकाऱ्यांनी पुरेसे लिहिले आहे. कार्यकारी संचालक फ्रँक बेन आणि आल्टमायर यांनी रोजचा गाडा ओढला. 'एकटा चालणारा' ही बेलश यांची प्रतिमा येथे तोकडी पडते, कारण एकट्याने चालणाऱ्याच्या हातून ही संस्था उभी राहिलीच नसती.

सप्टेंबर १९३६ चा राजीनामा

वायनंट यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन ज्या एका घटनेभोवती फिरते ती म्हणजे त्यांचा राजीनामा. रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार आल्फ लँडन यांनी २६ सप्टेंबर १९३६ रोजी मिलवॉकी येथील भाषणात सामाजिक सुरक्षा कायद्यावर सरळ हल्ला चढविला. कायदा अन्याय्य आहे, राबविता न येणारा आहे, मूर्खपणाने लिहिलेला आहे आणि त्याची वित्तव्यवस्था उधळी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सक्तीचा वृद्धापकाळ विमा रद्द करून त्याऐवजी गरजू वृद्धांना राज्यांमार्फत निवृत्तिवेतन द्यावे, असा त्यांचा पर्याय होता. दोनच दिवसांनी, २८ सप्टेंबरला, वायनंट यांनी राष्ट्राध्यक्षांना राजीनाम्याचे पत्र पाठविले.

पत्रातील युक्तिवाद लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. स्वतंत्र व पक्षातीत मंडळाचा सदस्य असताना सार्वजनिक व्यासपीठावर कायद्याची बाजू मांडणे उचित नाही; म्हणून एक नागरिक म्हणून ती मांडण्याची मोकळीक हवी, असे त्यांनी लिहिले. कायदा निर्दोष आहे असे आपण कधीच मानले नाही, अनुभवातून महत्त्वाचे बदल होतील अशी अपेक्षाच होती, हेही त्यांनी नमूद केले. त्यानंतर त्यांनी नभोवाणीवरून स्वतःच्या पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध कायद्याचे समर्थन केले. रिपब्लिकन पक्षातील त्यांचे भवितव्य तेथेच संपुष्टात आले. राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत ज्याचे नाव घेतले जात होते, त्या माणसाने हे जाणूनबुजून केले. ही किंमत लहान नव्हती. चरित्रकारांनी या क्षणाला दिलेले महत्त्व त्या दृष्टीने योग्यच आहे.

परंतु गौरवापुढे गेल्यावर अडचणी सुरू होतात. पहिली अडचण लँडन यांच्या टीकेच्या आशयाविषयी आहे. वृद्धापकाळ विम्यासाठी वेतनाच्या पहिल्या ३,००० डॉलरवर कामगाराकडून १ टक्का व मालकाकडून १ टक्का असा कर १ जानेवारी १९३७ पासून लागणार होता, तर मासिक लाभ १९४२ पर्यंत सुरू होणार नव्हते. मंदीतून अजून न सावरलेल्या देशात पाच वर्षे पैसा गोळा होणार आणि मासिक लाभ म्हणून परत काहीच जाणार नाही, अशी ही रचना होती. १९८० पर्यंत सुमारे ४७ अब्ज डॉलरचा राखीव निधी साठेल असा अंदाज होता; हा आकडा त्या वेळच्या एकूण राष्ट्रीय कर्जाहून मोठा होता. एवढ्या निधीचे सरकार करणार तरी काय, हा प्रश्न केवळ प्रचारी नव्हता. पुढे १९३९ च्या दुरुस्तीने लाभ १९४० पासूनच देण्याचे ठरले, विधवा व मुलांना लाभ मिळू लागले आणि प्रचंड राखीव निधीची कल्पना मागे पडली. म्हणजे ज्या टीकेविरुद्ध वायनंट यांनी पद सोडले, तिच्यातील एक भाग त्याच मंडळाने तीन वर्षांत व्यवहारात स्वीकारला. लँडन यांची भाषा बेजबाबदार होती आणि त्यांचा पर्याय विम्याच्या हक्काऐवजी पुन्हा गरजेच्या चौकशीकडे नेणारा होता, हे खरेच. परंतु हल्ल्याचा कोणता भाग विमातत्त्वावर होता आणि कोणता वित्तरचनेवर, याची विभागणी राजीनाम्याच्या गदारोळात कोणीच केली नाही आणि नंतरच्या गौरवपर लेखनानेही ती टाळली.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. मंडळात रिपब्लिकन पक्षाचे एकमेव सदस्य वायनंट होते. त्यांच्या जाण्याने प्रचाराच्या शेवटच्या पाच आठवड्यांत मंडळ दोन सदस्यांचे राहिले आणि दोघेही सत्ताधारी पक्षाच्या बाजूचे होते. नेमक्या याच काळात विरोध सर्वांत तीव्र झाला. अनेक कारखान्यांत कामगारांच्या पगाराच्या पाकिटांत चिठ्ठ्या घातल्या गेल्या. तुमच्या पगारातून १ टक्का कापला जाणार आहे आणि तो परत मिळेल याची हमी नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यांत होता. मालकालाही तेवढाच हिस्सा भरावयाचा आहे, हे मात्र त्यांत नसे. मतदानाच्या तोंडावर हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांनी गळ्यात क्रमांकाचा बिल्ला अडकविलेल्या माणसाची चित्रे छापून प्रत्येक कामगाराला असा बिल्ला घालावा लागेल, अशी भीती पसरविली. मंडळाने चित्रपट व पत्रके काढून प्रत्युत्तर दिले. या वेळी अध्यक्षाच्या खुर्चीत एक रिपब्लिकन माजी गव्हर्नर बसून 'हे असत्य आहे' असे म्हणता, तर त्याचे वजन नभोवाणीवरील एका माजी सदस्याच्या भाषणापेक्षा अधिक पडले नसते काय? पदाची मर्यादा पाळण्यासाठी पद सोडणे ही वायनंट यांची नीती वैयक्तिक पातळीवर निर्दोष आहे. संस्थेच्या दृष्टीने पाहिल्यास, संस्थेला तिच्या पक्षातीतपणाचा साक्षीदार ज्या आठवड्यांत सर्वाधिक हवा होता, त्याच आठवड्यांत तो तिने गमावला.

अर्थात याची दुसरी बाजूही आहे. चुकीच्या माहितीचे खंडन मंडळ करू शकत होते; उमेदवाराच्या धोरणाला उत्तर देणे त्याच्या मर्यादेबाहेरचे होते आणि वायनंट यांना नेमके ते करावयाचे होते. पदावर राहून ते केले असते तर विमा संस्था ही सत्ताधाऱ्यांची प्रचारयंत्रणा आहे, या आरोपाला पुरावाच मिळाला असता. या दोन बाजूंत निवड करणे सोपे नव्हते. मात्र वायनंट यांची निवड ही एकमेव नैतिक निवड होती, असा जो सूर चरित्रलेखनात लागतो तो स्वीकारता येत नाही.

निकाल सर्वज्ञात आहे. लँडन यांना केवळ मेन व व्हर्माँट ही दोन राज्ये मिळाली. मतदारगणातील मते रूझवेल्ट यांची ५२३ आणि त्यांची ८.

क्रमांक ००१-०१-०००१

निवडणुकीनंतर रूझवेल्ट यांनी वायनंट यांना पुन्हा मंडळावर घेतले. त्याच नोव्हेंबरात कामगारांच्या नोंदणीचे काम सुरू झाले. निवडणूक संपेपर्यंत मंडळाने ते हेतुतः थांबविले होते. १६ नोव्हेंबरपासून मालकांना व २४ नोव्हेंबरपासून कामगारांना अर्ज वाटण्यात आले. मंडळाजवळ देशभर कार्यालये नसल्याने हे काम टपाल खात्याच्या सुमारे ४५ हजार कचेऱ्यांमार्फत झाले. सर्व नोंदी बाल्टिमोर येथील कँडलर इमारतीत ठेवल्या गेल्या, कारण एवढ्या कागदांचा व यंत्रांचा भार पेलणारी मोकळी जागा वॉशिंग्टनमध्ये मिळेना. १९३७ च्या मध्यापर्यंत ३ कोटींहून अधिक क्रमांक दिले गेले. संगणकापूर्वीच्या काळातील हे काम प्रशासनाच्या अभ्यासकांनी आजही अभ्यासावे असे आहे.

क्रमांकातील पहिले तीन अंक प्रदेशाचे होते आणि मांडणी ईशान्येकडून सुरू होत असल्याने ००१ हा अंक खरे तर मेन राज्याकडे जावयास हवा होता. तो न्यू हॅम्पशायरला देण्यात आला, तो ००१-०१-०००१ हा क्रमांक वायनंट यांना सन्मानाने देता यावा म्हणून. त्यांनी तो नाकारला. मग तो बोस्टन विभागाच्या प्रतिनिधीला देऊ करण्यात आला. त्यांनीही घेतला नाही. अखेर सन्मानाची कल्पनाच सोडून देऊन न्यू हॅम्पशायरमधून येणाऱ्या पहिल्या अर्जाला तो द्यावा असे ठरले आणि काँकर्डमधील एका महिलेला तो मिळाला.

हा प्रसंग चरित्रांत विनयाचा दाखला म्हणून येतो. त्याचा अर्थ अधिक खोल आहे. विमा योजनेत प्रत्येक विमेदाराचा हक्क त्याच्या अंशदानातून येतो, प्रतिष्ठेतून नाही. म्हणून अशा योजनेत 'पहिला' क्रमांक मानाचा असूच शकत नाही. मंडळाच्या अधिकाऱ्यांना हे उमगण्यास दोन नकार लागले. ज्या कचेरीने राज्यांचा क्रम अध्यक्षांसाठी बदलला होता, तिला अध्यक्षांनी दिलेला हा नकार ही त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत शुद्ध प्रशासकीय कृती म्हणावी लागेल.

फेब्रुवारी १९३७ मध्ये त्यांनी अखेरचा राजीनामा दिला. करवसुली सुरू होऊन जेमतेम दीड महिना झाला होता आणि कायद्याची घटनात्मकता अजून सर्वोच्च न्यायालयात ठरावयाची होती. तो निर्णय २४ मे १९३७ रोजी कायद्याच्या बाजूने लागला. अध्यक्षपद आल्टमायर यांच्याकडे गेले. सहा वर्षांच्या मुदतीपैकी सुमारे साडेचार वर्षे शिल्लक होती. एकदा प्रचारात उतरलेल्या माणसाला त्याच मंडळावर पूर्वीचे तटस्थ स्थान परत मिळणे कठीण होते, हे या दुसऱ्या जाण्याचे संभाव्य स्पष्टीकरण आहे. म्हणजे नोव्हेंबरातील पुनर्नियुक्तीने सप्टेंबरातील राजीनाम्याचे परिणाम पुसले गेले नाहीत.

वगळलेल्यांचा प्रश्न

१९३५ च्या कायद्याने शेतमजूर व घरकामगार यांना वृद्धापकाळ विम्याबाहेर ठेवले होते. कृष्णवर्णीय कामगारांपैकी बहुसंख्य याच दोन व्यवसायांत होते. चार्ल्स ह्यूस्टन यांनी कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेच्या वतीने सिनेट समितीपुढे या विधेयकाला चाळणीची उपमा दिली होती. आपले बहुतेक लोक गळून पडावेत एवढीच तिची भोके आहेत, असा त्यांचा आरोप होता. या वगळण्यामागे वंशभेद मुख्य होता की वसुलीची प्रशासकीय अडचण, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत आणि करखात्याने प्रशासकीय कारण पुढे केले होते, हे कागदोपत्री दिसते. कायदा वायनंट यांनी केला नव्हता. तरीही सामाजिक सुरक्षेचा नैतिक प्रवक्ता म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्यांच्या कारकिर्दीचे मोजमाप करताना त्यांच्या नावाभोवतीच्या साहित्यात या वगळलेल्या माणसांचा मागमूस जवळजवळ नसावा, ही या साहित्याची मोठी उणीव आहे. पगाराच्या पाकिटातील चिठ्ठीने ज्यांना घाबरविले गेले ते निदान योजनेत होते.

जिनिव्हा, माँट्रियल आणि नंतर

१९३७ मध्येच वायनंट आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत परतले आणि १ जानेवारी १९३९ पासून तिचे संचालक झाले. फ्रान्सच्या पाडावानंतर १९४० साली संघटनेचे कार्यालय माँट्रियल येथे मॅकगिल विद्यापीठात हलविण्याचा त्यांचा निर्णय दूरदर्शी ठरला. राष्ट्रसंघाच्या बहुतेक अंगांचा युद्धात ऱ्हास झाला, ही संघटना मात्र टिकली. भारताचा या कथेशी संबंध येथे येतो. प्रा. बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याविषयीचा अहवाल १९४४ साली भारत सरकारला सादर केला, तेव्हा श्रम खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. या अहवालाचे परीक्षण श्रम संघटनेच्या स्टॅक व राव या दोन तज्ज्ञांनी केले आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा अधिनियम आकाराला आला. माँट्रियलमध्ये तग धरून राहिलेल्या संघटनेविना हे तज्ज्ञ-साहाय्य मिळाले असते असे सांगता येत नाही. मात्र याही संस्थेत वायनंट फार काळ राहिले नाहीत. फेब्रुवारी १९४१ मध्ये संचालकपद सोडून ते लंडनला गेले.

हा आकृतिबंध दुर्लक्षिता येण्यासारखा नाही. १९३५ मध्ये जिनिव्हा काही महिन्यांत, १९३७ मध्ये मंडळ दीड वर्षात, १९४१ मध्ये श्रम संघटना दोन वर्षांत. प्रत्येक वेळी संस्था संकटातून बाहेर पडत असताना वा पडण्यापूर्वीच त्यांनी ती सोडली आणि प्रत्येक वेळी कारण सन्माननीय होते. संकटात माणसे गोळा करण्याचे त्यांचे कौशल्य असामान्य होते. घडी बसल्यावर लागणाऱ्या चिकाटीची परीक्षा त्यांनी कधी दिलीच नाही. लंडनमधील पाच वर्षे हा अपवाद, पण तेथे संकट संपलेच नव्हते. युद्धानंतर त्यांच्यासाठी योग्य जागा राहिली नाही. कर्ज आणि नैराश्य यांनी ग्रासलेल्या वायनंट यांनी ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काँकर्ड येथील घरी आत्महत्या केली.

मंडळाचे पुढील रूप वेगळे झाले. १९४६ साली ते रद्द होऊन एका आयुक्ताच्या हाती कारभार आला. १९९५ पासून ही संस्था पुन्हा स्वतंत्र झाली आणि आयुक्ताला सहा वर्षांची मुदत मिळाली, परंतु जुलै २०२१ मध्ये बायडेन यांनी अँड्र्यू सॉल यांना मुदतीपूर्वीच दूर केले. डिसेंबर २०२३ मध्ये मेरीलँडचे माजी गव्हर्नर मार्टिन ओ'मॅली आयुक्त झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्षपद लढविण्यासाठी बाहेर पडले. ती निवडणूक ते हरले. एक गव्हर्नर पक्षाशी फारकत घेण्यासाठी गेला, दुसरा पक्षाचे नेतृत्व मिळविण्यासाठी. दोघांच्या हेतूंत महदंतर आहे, आणि संस्थेच्या हाती मात्र दोन्ही वेळा रिकामी झालेली खुर्चीच आली.

आल्टमायर यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. ते वायनंट यांच्यानंतर सोळा वर्षे प्रमुखपदी राहिले. १९५३ साली आयसेनहॉवर यांच्या रिपब्लिकन शासनाने खात्यांची पुनर्रचना करताना त्यांचे पदच रद्द केले आणि त्यांना जावे लागले. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, त्याच शासनाने शेतकऱ्यांना तसेच आणखी अनेक शेतमजुरांना व घरकामगारांना विम्याच्या कक्षेत आणणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. १९५५ साली आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याचे मंत्री झाले ते मेरियन फॉल्सम, १९३४ च्या सल्लागार परिषदेत वायनंट यांच्यासमवेत बसलेले दुसरे रिपब्लिकन.